छायाप्रकाश : फ्लॅश कॅमेऱ्यापासून जरा लांब

मंडळी, यंदा या सदरात नवा कॅमेरा नाही. जुनाच आहे, आणि तो तुमच्याच घरात आहे. २००८ ते २०१४ च्या सुमारास, भारतवारीच्या किंवा बारशाच्या निमित्ताने घेतलेला, मुठीत मावणारा डिजिटल कॅमेरा. मग फोन चांगले झाले आणि तो ड्रॉवरमध्ये गेला, जुन्या पासपोर्टांच्या आणि कुठल्याच यंत्राला न लागणाऱ्या वायरींच्या शेजारी. आता घरोघरची कॉलेजातली पोरं तोच कॅमेरा शोधून काढतायत. त्यांना म्हणे त्यातल्या फ्लॅशचा 'लुक' आवडतो. तोंडावर भसकन पडलेला पांढरा उजेड, मागे काळोख. वीस वर्षं आपण ज्या फोटोंना नावं ठेवली तीच आता फॅशन.

त्यांची हौस त्यांना लखलाभ. पण ड्रॉवर उघडलाच आहे तर आपणही त्या कॅमेऱ्याकडून काम करून घेऊ. कारण न्यू इंग्लंडमधली दिवाळी म्हणजे अंधारातली दिवाळी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की बॉस्टनला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपले सगळे समारंभ घरात, पिवळ्या दिव्यांखाली किंवा शाळेच्या कॅफेटेरियात ट्यूबलाइटखाली. फोन अशा उजेडात जमेल तेवढं करतो, पण नाचणारी मुलं पुसट होतात आणि आजी-आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या गुळगुळीत होतात. फ्लॅश हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज आहे. फक्त तो कॅमेऱ्याच्या कपाळावर नको.

का नको, ते थोडक्यात. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला की उजेड जिथून जातो तिथेच परत येतो. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, आतल्या पडद्यावरून लाल उजेड परततो आणि सगळं कुटुंब लाल डोळ्यांचं दिसतं. चष्म्याच्या काचेत पांढरा ठिपका येतो. नाकाला सावली नाही, गालाला उतार नाही, त्यामुळे चेहरा थाळीसारखा सपाट. शिवाय उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. पहिल्या रांगेतले मामा चार फुटांवर आणि मागच्या रांगेतल्या मामी आठ फुटांवर असल्या, तर मामींच्या वाट्याला मामांच्या पाव हिस्सा उजेड. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागची रांग कायम उदास का दिसते, त्याचं कारण हे.

आता तुमच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बघा. तिथे धातूच्या दोन पट्ट्यांची खाच असेल, तर त्याला हॉट शू म्हणतात आणि तुमचं नशीब चांगलं आहे. कॅननच्या जी मालिकेतल्या जी १०, जी ११, जी १२, जी १६ या कॅमेऱ्यांना ती आहे. फुजीच्या एक्स १०० ला आहे. पॅनासॉनिकच्या एलएक्स १०० ला तर अंगचा फ्लॅशच नाही, खाचेत बसवायचा छोटा फ्लॅश डब्यातच मिळायचा. सोनीच्या आरएक्स १०० चा किस्सा मजेशीर आहे. पहिल्या कॅमेऱ्याला खाच नव्हती, २०१३ च्या दुसऱ्याला दिली, २०१४ च्या तिसऱ्यात पुन्हा काढली. कंपन्यांच्या मनात काय असतं ते त्यांनाच ठाऊक.

खाच असेल तर मोठा फ्लॅश वर बसवा आणि त्याचं डोकं छताकडे वळवा. एवढंच. आपल्या इथल्या घरांची छतं आठ-नऊ फुटांवर आणि पांढरी असतात. त्यावर उजेड आपटला की ते अख्खं छतच तुमचा दिवा होतं. मोठ्या दिव्याचा उजेड मऊ असतो, छोट्याचा कडक. फोटोतल्या उजेडाचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आलं. भिंतीकडे वळवला तर खिडकीतून आल्यासारखा बाजूचा उजेड मिळतो, आणि मला छतापेक्षा तोच जास्त आवडतो. मात्र कोणी हौसेने एक भिंत मरून रंगवलेली असेल तर तिच्यापासून लांब राहा, नाहीतर सगळे पाहुणे लाजल्यासारखे दिसतील. शाळेच्या जिममध्ये छत तीस फुटांवर असतं, तिथे हे चालत नाही. तिथे कोणाला तरी पांढरा फोम बोर्ड धरून उभं करायचं. चारचौघांच्या घरात सायन्स प्रोजेक्टनंतर उरलेला असतोच.

खाच नसेल तरीही निराश होऊ नका. आता येतो बिनतारी मामला.

बिनतारी फ्लॅशच्या दोन जाती. एक रेडिओवर चालणारी. खाचेत छोटा ट्रिगर बसवायचा, तो २.४ गिगाहर्ट्झवर संदेश पाठवतो, दूरचा फ्लॅश उडतो. भिंतीआडही चालतं, उन्हातही चालतं. पण त्याला खाच लागते. दुसरी जात डोळ्यावर चालणारी. दूरच्या फ्लॅशला एक डोळा असतो. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश चमकला की तो पाहतो आणि त्याच क्षणी स्वतः उडतो. याला स्लेव्ह म्हणतात. शब्द वाईट आहे, यंत्र चांगलं आहे. याला खाच नको, वायर नको, काही नको. कॅमेऱ्याला फक्त फ्लॅश हवा. योंगनुओचा ५६० किंवा गोडॉक्सचा टीटी ६०० यांच्यात हा डोळा आतच असतो, आणि नावाजलेल्या कंपन्यांच्या फ्लॅशपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतात.

लोक इथेच अडकतात, आणि "चालत नाही" म्हणून फ्लॅश परत करतात. अडचण अशी, की आजचा कॅमेरा एकदा नाही, दोनदा चमकतो. बटण दाबलं की आधी एक लहानशी पूर्वचमक टाकतो, समोरून किती उजेड परतला ते मोजतो, आणि मग हिशेब करून खरी चमक टाकतो. मध्ये अंतर इतकं कमी, की आपल्याला एकच लखलखाट वाटतो. पण स्लेव्हला तो फरक कळतो. तो पहिल्या चमकेलाच उडून मोकळा होतो, आणि खरा फोटो निघतो तेव्हा बिचारा रिकामा असतो. म्हणून या फ्लॅशवर एस १ आणि एस २ अशा दोन खुणा असतात. एस १ म्हणजे पहिल्या चमकेला उड, एस २ म्हणजे पहिली सोड आणि दुसरीला उड. साध्या खिशातल्या कॅमेऱ्याबरोबर एस २ लावा, आणि लाल डोळे टाळायची सोय बंद करा, कारण तीही आणखी चमका टाकते आणि बिचाऱ्याचा हिशेब चुकवते.

या पूर्वचमकेवरून गेल्या दिवाळीतली एक गोष्ट सांगते.

आमच्या एका मित्राची आई सहा महिन्यांसाठी आली होती. वय ऐंशीच्या पुढे. सहस्रचंद्रदर्शनही झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचा एवढा लांबचा प्रवास नको, म्हणजे ही खेप शेवटचीच. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. काकूंची तक्रार एकच. कोणत्याही फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. नातवाच्या ग्रॅज्युएशनला मिटलेले, नायगाऱ्याला मिटलेले, लक्ष्मीपूजनाला मिटलेले. घरातल्यांची त्यावर थट्टा चालायची. मित्राने मला बाजूला घेऊन विचारलं, "एक तरी चांगला काढून देशील का? फोनवर फ्लॅश लागला तरी तेच होतं, आणि फ्लॅश नसला तर सगळं पुसट."

काकूंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "अगं, काढून दे बाई एक. ह्यांच्या शेजारी लावायला डोळे उघडे असलेला एक तरी नको का? नाहीतर लोक म्हणतील, ही भिंतीवर पण झोपली."

मित्र म्हणाला, "आई, काहीतरी काय बोलतेस!" त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या चिवडा निवडल्यासारख्या शांतपणे बोलत होत्या.

मी विचारलं, "काकू, तुमच्या लग्नातल्या फोटोत कसे आहेत डोळे?"

"टकटकीत उघडे. स्टुडिओतल्या फोटोतही उघडे. मुलाच्या मुंजीतही. हे नवे कॅमेरे आले तेव्हापासूनचं हे खूळ."

उत्तर काकूंनीच दिलं होतं. जुने फ्लॅश एकदाच चमकायचे. फोटो निघायचा त्याच क्षणी, आणि पापणी मिटायची ती नंतर. नव्यात पूर्वचमक आधी डोळ्यावर येते, खरी नंतर. बहुतेकांच्या पापण्या तेवढ्यात हलत नाहीत. काहींच्या मात्र फार चपळ असतात. पहिल्या चमकेला त्या निघतात आणि दुसरीला पुऱ्या मिटलेल्या असतात. काकू झोपत नव्हत्या, त्यांच्या पापण्या आमच्यापेक्षा तल्लख होत्या. मी तसं सांगितल्यावर त्यांनी लेकाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याचाच फोटो खरं तर काढायला हवा होता.

इलाज म्हणजे पूर्वचमकच काढून टाकायची. कॅननच्या जी मालिकेत कॅमेरा एम वर ठेवला, की मेनूत अंगचा फ्लॅशही 'मॅन्युअल' करता येतो, कमी-मध्यम-पूर्ण अशा तीन पायऱ्यांत. मॅन्युअल म्हटल्यावर मोजायचं काही उरत नाही, म्हणून पूर्वचमक नाही. मी अंगचा फ्लॅश सर्वांत कमी ठेवला, फक्त स्लेव्हला खूण करण्यापुरता. स्लेव्ह एस १ वर, काकूंच्या डावीकडे पुस्तकांच्या शेल्फवर, डोकं छताकडे.

आता पॉवर किती ठेवायची? ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी हिशेब देते, इतरांनी परिच्छेद सोडला तरी चालेल. प्रत्येक फ्लॅशचा एक गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की छिद्राचा आकडा मिळतो. माझ्या फ्लॅशचा नंबर आयएसओ १०० ला ३६ मीटर. पाव पॉवरवर तो निम्मा होतो, १८. आयएसओ २०० केला की १.४ पट, म्हणजे सुमारे २५. फ्लॅशपासून छत आणि छतापासून काकू, असा उजेडाचा प्रवास दहा फूट, म्हणजे ३ मीटर. २५ भागिले ३, सुमारे एफ ८. पण छत फुकट काम करत नाही, साधारण दोन पायऱ्या उजेड खातं. म्हणून एफ ४. शटर १/१२५. पहिला फोटो जवळपास बरोबर निघाला, पॉवर किंचित कमी केली. स्क्रीनवर लगेच दिसतं, त्यामुळे गणित नाही जमलं तरी दोन-तीन प्रयत्नांत उत्तर सापडतंच. फिल्मच्या काळात छत्तीस फोटो धुऊन येईपर्यंत थांबावं लागायचं.

चष्म्याचं काय केलं? फ्लॅश वर आणि बाजूला असल्याने काचेतली चमक भलतीकडे गेली. उरलीसुरली घालवायला चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलल्या, काचा खाली झुकल्या. हे फोटोत कळत नाही.

अकरा फोटो काढले, अकराही फोटोंत डोळे उघडे. सातवा त्यांनी निवडला. कोणी हसवलं नव्हतं त्यात, त्या नुसत्या बघतायत. मित्राने त्याच्या दोन प्रती छापून आणल्या. काकू आता सांगलीला आहेत, तब्येतीने ठणठणीत. फोटो कपाटात, चांगल्या साड्यांच्या घडीत ठेवलाय असं कळलं. तिथेच राहो.

आता इतर काही, जसं आठवेल तसं.

दिवे आणि फ्लॅश यांचं जमत नाही अशी समजूत आहे. जमतं, पण शटर हळू ठेवावं लागतं. शटरचा वेग खोलीतला उजेड ठरवतो, फ्लॅशची पॉवर चेहऱ्यावरचा. १/१२५ ला पणत्या विझल्यासारख्या दिसतात. १/१५ ला त्यांचा उजेड भिंतीवर पसरलेला येतो. कॅमेरा तिपाईवर किंवा निदान जाडजूड पुस्तकावर टेकवा. आणि फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावा, कारण फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा निळसर-पांढरा असतो आणि पणतीचा केशरी. दोघांचा रंग जुळवला नाही तर चेहरा एका देशात आणि देवघर दुसऱ्या देशात असल्यासारखं दिसतं. नाटकवाले दिव्यांवर लावतात तोच कागद, छोटा तुकडा पुरतो. मिठाईच्या डब्यावरचा सेलोफेन लावू नका, तो तापतो.

रांगोळीवर समोरून फ्लॅश मारला तर ती छापील स्टिकरसारखी दिसते. स्लेव्ह जमिनीवरच ठेवा, रांगोळीच्या एका कडेला, आडवा उजेड जाईल असा. मग रांगोळीचा कण न् कण उठून दिसतो, आणि कोणाच्या चिमटीतून रेघ एकसारखी सुटलीय तेही. (स्पर्धेच्या परीक्षकांना हे सांगू नये.)

जरीचा पदर आणि पांढरी भिंत ऑटो फ्लॅशला फसवतात. एवढा उजेड परत आला म्हणजे भरपूर झालं, असं समजून तो हात आखडता घेतो आणि आपले गव्हाळ चेहरे काळवंडतात. फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन एका पायरीने वाढवा. मागे काळोख असेल तेव्हा उलट, थोडं कमी करा.

दिवसाउजेडी मात्र या छोट्या कॅमेऱ्यांची खरी गंमत आहे. मोठ्या एसएलआरमध्ये पडद्याचं शटर असतं, त्यामुळे फ्लॅशबरोबर साधारण १/२०० किंवा १/२५० च्या वर साध्या पद्धतीने जाता येत नाही. यांचं शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांसारखं उघडतं. फुजीच्या एक्स १०० वर १/१००० ला सुद्धा फ्लॅश पूर्ण चौकटीत पोचतो. ऑक्टोबरात पानगळीचे फोटो काढायला जातो, मुलांच्या पाठीशी ऊन असतं, झाडं पेटल्यासारखी लाल आणि मुलांची तोंडं काळी. शटर वेगात ठेवून झाडांचे रंग धरायचे आणि चेहऱ्यावर फ्लॅश टाकायचा. हजारो डॉलरच्या कॅमेऱ्याला जे जड जातं ते ड्रॉवरमधला कॅमेरा सहज करतो. उन्हात स्लेव्हचा डोळा मात्र दिपतो. तिथे रेडिओ ट्रिगरच वापरा.

फ्लॅशमधली एवढी झटपट चमक आपल्या गावच्याच माणसाने कामाला लावली, हे अनेकांना ठाऊक नसतं. एमआयटीतले प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक स्ट्रोबवर काम करून गोळी, पंख, थेंब, सगळं जागच्या जागी थांबवून दाखवलं. दुधाचा थेंब पडून उठलेला मुकुट हा त्यांचा १९५७ सालचा फोटो जगभर गाजला. कमी पॉवरवरचा साधा फ्लॅशही सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास विझतो. लेझीमच्या तालमीत करून बघा, झांजा हवेत थांबतात. फुलबाजीचं तंत्र वेगळं आहे, शटर हळू आणि फ्लॅश शेवटी, पण मॅसॅच्युसेट्समध्ये फुलबाजीलाही बंदी असल्याने ते भारतात गेल्यावर करा.

भारतावरून आठवलं. वडिलांचा जुना फ्लॅश माळ्यावरून काढून आणलात तर तो सरळ कॅमेऱ्याच्या खाचेत बसवू नका. जुन्या फ्लॅशच्या टोकांवर फार मोठा दाब असू शकतो. विविटार २८३ चे सुरुवातीचे नमुने २०० व्होल्टच्या वर जातात, आणि डिजिटल कॅमेऱ्याला ते झेपत नाही. त्याला सुटा ऑप्टिकल स्लेव्ह जोडा. मग तो कॅमेऱ्याला शिवतच नाही, आणि वडिलांचा फ्लॅश पुन्हा कामाला लागतो.

अंगच्या फ्लॅशचा उजेड चेहऱ्यावर नकोच असेल तर त्याच्यापुढे जुन्या स्लाइड फिल्मचा काळा तुकडा चिकटवा, रोलच्या टोकाला असतो तसा. डोळ्याला दिसणारा उजेड तो अडवतो, अवरक्त जाऊ देतो, आणि स्लेव्हला तेवढं पुरतं. फुकटातला बिनतारी ट्रिगर.

सेल साधे अल्कलाइन घेऊ नका. निकेल मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे चार सेल घ्या. त्यांच्यावर फ्लॅश लवकर भरतो आणि ते वर्षानुवर्षं चालतात. आणि काम झालं की सेल बाहेर काढून ठेवा. गळलेल्या सेलने मेलेले फ्लॅश मी जेवढे पाहिलेत, तेवढे पडून मेलेले नाही पाहिले.

मंडळाच्या दिवाळीला मी दोन स्लेव्ह घेऊन येईन, स्टेजच्या डावीकडे. एक विनंती. कार्यक्रम चालू असताना तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला की माझेही दोन्ही उडतात, कारण त्यांना मालक ओळखता येत नाही. फोनच्या दिव्याला ते भीक घालत नाहीत, त्यामुळे फोनवाल्यांनी खुशाल काढावेत. ज्यांना घरचा कॅमेरा तपासून घ्यायचा असेल त्यांनी मध्यंतरात यावं, बॅटरी चार्ज करून. चार्जर सापडत नसेल तर बॅटरीवरचा नंबर लिहून आणा, मिळतात अजून.